मणिपूरचं पान

पायाच्या ऑपरेशननंतर सांगलीच्या दवाखान्यात पडल्यापडल्या उकिडवे सर आपल्या भूगोलाच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं तपासत होते. मणिपूरचं पान त्यांनी कौतुकाने नर्सपुढे धरलं. "मेमचा, हे बघ तुझं राज्य!"

मेमचा अडखळत वाचू लागली. "मंगोल वंशाचे, बारीक डोळ्यांचे लोक..." तिने पान खाली ठेवलं. "सर, असलं वाचूनच लोक मला रस्त्यात चिंकी म्हणतात."

"शास्त्रीय शब्द आहे तो! चाळीस वर्षं शिकवलाय मी." सर दुखावले होते.

"तुमच्याबद्दल 'घाऱ्या डोळ्यांचे लोक' एवढंच छापलं तर?"

सरांचे घारे डोळे पानावर खिळले. त्यांनी ती ओळ खोडली. "सांग, काय लिहू?"

"आम्ही मैतेई. शेजारी नागा, कुकी. इम्फाळात एक अख्खा बाजार बायकाच चालवतात. माझी आई तिथं मासे विकते."

ती सांगत गेली, सर लिहीत गेले. संध्याकाळी त्यांनी प्रकाशकाला फोन लावला.

"सर, एक पान वाढेल," तो कुरकुरला.

"मग माझ्या फोटोचं पान काढून टाका," म्हणत सर मेमचाकडे वळले. "तुझ्या आईचं नाव काय गं?"