चिमणीसाठी साडी

पदर दाराच्या खिळ्याला अडकला, सुभद्रा तशीच पुढे गेली आणि साडी टर्रकन कमरेपर्यंत फाटली. चोकराची, गव्हाच्या कोंड्याची बादली खाली ठेवून तिने मागे पाहिलं. जुनं, विरलेलं सूत. आता त्याला टाका घालायचा तरी कुठून?

तबेल्यात चिमणी पाय आपटत होती. नाव चिमणी, पण घोडी पांढरीशुभ्र आणि चांगली दांडगी. शिंगरू असताना ठेवलेलं नाव, तेच चिकटलं. लगीनसराईत तिच्याएवढी कमाई त्या घरात कुणाचीच नव्हती. आजही संध्याकाळी धरमपेठेत वरात होती. उपाशी घोडी बँडच्या दणदणाटात बिथरली, तर नवरदेवासकट सगळ्यांचीच फजिती. आणि चिमणी जेवायची ती फक्त या हिरव्या साडीच्या हातून.

साडी प्रेमलताची, शालिकरामच्या पहिल्या बायकोची. ती आजारपणात गेली आणि वर्षभराने सुभद्रा या घरात आली. चाळिशीला टेकलेली, माहेरच्यांना जड झालेली. दुसऱ्याच दिवशी सकाळी शालिकरामने तिच्यापुढे घडी धरली होती.

"चिमणी तिच्याशिवाय कोणाच्या हातचं खात नाही," तो म्हणाला होता. "वर्षभर मीच हे खांद्यावर घेऊन चारलं. आता तू हे नेसून जा. तिले वाटलं पाहिजे, तेच आली."

सुभद्राला त्यात नवल वाटलं नाही. तिच्या मामाची म्हैस मामीशिवाय कुणाला दूध द्यायची नाही. मामी बाळंतपणाला गेली की मामा तिचं लुगडं गुंडाळून धारेला बसायचा आणि सगळी आळी हसायची. जनावराची समजूत काढावीच लागते.

तेव्हापासून ती रोज सकाळ-संध्याकाळ प्रेमलता व्हायची. साडीला साबण लावायचा नाही, नुसती पाण्यातून काढायची, अशी शालिकरामची ताकीद होती. वाळली की घडीसुद्धा तोच घालायचा. ती घोडीला चारू लागली की हातातला चहा तसाच ठेवून तो दाराशी बाजेवर येऊन बसायचा, एकटक बघत. घोडीवर भारीच जीव आहे, असं सुभद्रा म्हणायची. सवत तर देवाघरी गेलेली. मत्सर करायचा तो आता घोडीचा.

एरवी घरात त्याची नजर ताटावर, नाहीतर भिंतीवर. तो वाईट वागायचा नाही. बोलायचाच नाही. तबेला गावाबाहेर, कळमेश्वरच्या रस्त्याला. हाकेच्या अंतरावर दुसरं घर नाही. शालिकरामच्या लेकीचा, मिनलचा, पुण्याहून फोन आला तर "बाबा आहेत का?" एवढंच. भांड्यांवर नाव पहिलीचं, अंगणातली तुळस पहिलीच्या हातची. सुभद्रा भरल्या घरात पाहुणीसारखी राहत होती आणि दिवसेंदिवस आतून वाळत चालली होती. तिला फार काही नको होतं. या घरात एका तरी जिवाने आपल्याला आपण म्हणून ओळखावं, एवढंच. मग ती घोडी का असेना.

शालिकराम नाल ठोकणाऱ्याला आणायला गेलेला. त्याची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. सुभद्रा घरात गेली आणि ट्रंकेतून स्वतःची जांभळी साडी काढली. माहेरून आणलेली, एकदाही न नेसलेली. ती नेसून तिने फाटकी साडी बाहेर बाजेवर टाकली. चिमणीची लाथ बसली तर बरगडी शाबूत राहायची नाही, हे तिला ठाऊक होतं.

तिने बादली उचलली आणि तबेल्याचं दार ढकललं.

"घे वं बाई," ती म्हणाली. "मी सुभद्रा आहो."

चिमणीने कान टवकारले. जांभळ्या साडीकडे ढुंकूनही न पाहता तिने बादलीत तोंड घातलं. चोकर संपवला, भिजवलेले चणे संपवले, तळहातावरचा गूळ चाटून घेतला. मग जड मान सुभद्राच्या खांद्यावर टाकून ती स्वस्थ उभी राहिली. सुभद्राला रडू आवरेना. या घरात आल्यापासून तिला कुणी असं टेकलं नव्हतं.

फटफटीचा आवाज आला तशी ती डोळे पुसत बाहेर धावली. शालिकराम एकटाच परतला होता. तिला पाहून तो अंगणातच थबकला.

"साडी काहून बदलली?"

"फाटली, खिळ्यात अडकून. पण ऐका न, चिमणी माह्या हातून जेवली! अशीच गेली मी, या साडीत. तिनं मले ओळखलं."

तो तबेल्याकडे वळलाच नाही. सरळ बाजेपाशी गेला. फाटकी साडी मांडीवर घेऊन तो चिरलेले काठ एकमेकांना लावून पाहू लागला. काठ जुळत नव्हते.

"राहू द्या न," सुभद्रा म्हणाली. "आता लागत नाही ते. खोटं नाही सांगून राहिली मी. चला, दाखवते."

शालिकरामने मान वर केली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्याचे डोळे भरले होते.

"चिमणीनं तं तुले पहिल्याच हप्त्यात ओळखलं होतं, सुभद्रा," तो म्हणाला. "मलेच जमून नाही राहिलं."