हिरवे आलू

रुपाबाईनं डबा कस्तुराबाईपुढं ओट्यावर ठेवला आणि झाकण उघडलं. डबा कस्तुराबाईचाच. सकाळी त्यातूनच तिनं शेजारच्या रुपाबाईला घरी पिकवलेले आलू दिले होते. दिलेला डबा रिकामा परत करायचा नाही, ही केनवड गावची रीतच. पण त्याच आलूची भाजी होऊन डबा दुपारपर्यंत परत येईल, हे कस्तुराबाईच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"शिवरातीचा उपास, तं म्हटलं आपल्या घरच्या आलूचीच भाजी करावं," रुपाबाई म्हणाली. "शेंगदाण्याचा कूट टाकला. खाऊन पाय."

आपल्या घरचे म्हणजे दोघींचे. कार्तिकात रुपाबाईच्या टोपलीतल्या आलूंना कोंब फुटले, तेव्हा दोघींनी खताच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ते कस्तुराबाईच्या अंगणात लावले होते. या गावात सोयाबीन आणि तूर कोणीही डोळे मिटून काढेल, पण आलू ही बाजारातून आणायची चीज. कस्तुराबाईचा नवरा जानराव तर पोट धरून हसला होता. निम्मे तुझे, निम्मे माझे, असं दोघींनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं.

पौषात मातीतून पहिला आलू डोकावला आणि कस्तुराबाईला आभाळ ठेंगणं झालं. मग काय, दूधवाला आला की ती पोत्यातली माती बाजूला सारून आलू दाखवायची. पोस्टमनला दाखवले, तुरीच्या सोंगणीला निघालेल्या बायांना हाका मारून दाखवले. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावेत म्हणून तिनं माती परत ओढलीच नाही. उन्हानं वरचे आलू कैरीसारखे हिरवे पडले. सून मंजुषानं साफ सांगितलं, "आई, हिरवा आलू पोटाले बाधते. फेकून द्या."

फेकायला तिचा हात धजला नाही. एवढी तीन महिन्यांची राखण, आणि पीक उकिरड्यावर टाकायचं? आज पहाटे तिनं आलू निवडले. पिवळे आपल्या टोपलीत ठेवले, हिरवे डब्यात भरले आणि वर दोन पिवळे मांडले. होते काय, सोलून खातील, असं तिनं स्वतःला समजावलं. ते दोन वरचे मांडताना आपल्याच हाताची तिला लाज वाटली होती. तरी मांडलेच.

"असे हिरवेगार बाजारात कुठं भेटतात?" रुपाबाई कौतुकानं सांगत होती. "इतके ताजे, तं म्हटलं सोलायचे कायले? सालीसकटच चिरले."

कस्तुराबाईनं मागं वळून दाराकडे पाहिलं. आत गॅसवर तिच्या वाट्याचे पिवळे आलू उकडत होते, त्याचा वास ओट्यापर्यंत येत होता.

"अवं, खाय ना. आमी कोणीच आजून तोंडाले लावली नाही. राखण तू केली, मंग पहिला घास तुहाच. तू खाल्ला की कढईतली निकिताले वाढतो. पोरगी सातव्या महिन्यात हाय, तरी उपास सोडत नाही. सकाळपासून म्हून राह्यली, आपल्या घरचे आलू खाईन."

निकिता रुपाबाईची लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. भिंतीपलीकडून तिचा आवाज आलाच. "आई, वाढ ना लवकर! लय भूक लागली."

कस्तुराबाईनं घास घेतला. जिभेला लागताच कडू जहर. तिनं तो तसाच गालात धरला. गिळवेना, आणि रुपाबाईसमोर थुंकवेना.

"कशी झाली?"

"कडवट लागते जराशी," ती कशीबशी म्हणाली. एवढ्यावर भागलं तर बरं, असं तिला वाटलं. कडू म्हटल्यावर कोण खाईल?

रुपाबाईचा चेहरा पडला. "शेंगदाणे करपले असतीन. माह्याच हातून झालं बाई. चाल, दही घालून देतो पोरीले, कडूपणा मरन."

आणि ती निघालीसुद्धा. ओट्याची पायरी उतरली. कस्तुराबाईनं तिचा पदर गच्च धरला.

"नको देऊ तिले!"

"काहून?"

"शेंगदाणे नाही करपले. आलूच खराब हायेत. मायीच चूक, ऊन लागू देलं म्या. बाधतात ते. मले ठावं होतं, रुपाबाई." तोंडात घास असल्यानं शब्द बोबडे निघत होते, पण आता ती थांबली नाही. "चांगले म्या ठेवून घेतले. तुले हे देले. वरचे दोन तेवढे चांगले मांडले, तुले दिसू नये म्हून."

रुपाबाई वळून भिंतीकडे ओरडली, "निकिता! त्या कढईले हात लावू नको! ऐकलं का? सांडून दे सारी!"

पलीकडून होकार आला. कस्तुराबाईला वाटलं, आता ही शिव्या देईल, निदान पदर हिसकून निघून जाईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

रुपाबाई पायरी चढून परत वर आली. तिनं आपला उघडा तळवा कस्तुराबाईच्या तोंडासमोर धरला, लेकराच्या तोंडापुढं धरतात तसा.

"थुक आधी," ती म्हणाली.