पुढच्या वर्षीची बाग

सकाळीच सरपंच आणि कृषी सहायक पाटोळे कालिंदीच्या डाळिंबाच्या बागेत आले. सरपंचांच्या हातात नारळ होता आणि पाटोळेंच्या हातात मर रोगाने मेलेल्या झाडाखालच्या मातीची बादली. मागून सगळा गाव आला.

"झाडं काही खास नाहीत हो," कालिंदी म्हणाली. "पानं बघा, किती बारकी आहेत."

"दरवर्षी सगळे असंच म्हणतात, ताई," पाटोळे म्हणाले. "पण रोग दरवर्षी रूप बदलतो आणि त्याच्याशी झुंजून मेलेल्या झाडाच्याच कोळशात ताकद उतरते. अशक्त झाडाचा कोळसा मातीत घालून उपयोग नाही. महिन्याभरात ही वाळली की भट्टी लावू. तुमच्या एका बागेवर चाळीस बागा वाचतील."

पाटोळेंनी पहिल्या झाडाच्या बुंध्याशी माती ओतली. सात वर्षं कालिंदीने तिथे कुणाला चपला घालून येऊ दिलं नव्हतं.

"आता पुढच्या वर्षीची बाग तुम्ही सांगायची," सरपंच म्हणाले. "तो मान तुमचा."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. शेजारची वत्सला तेवढी पुढे आली. कालिंदीच्या बाळंतपणात हिनेच महिनाभर तिचं घर सांभाळलं होतं. कालिंदीला जवळ घेऊन ती रडू लागली.

"किती जपली होतीस गं बाग."

कालिंदीने तिच्या खांद्यावरून बांधापलीकडे पाहिलं. तिकडची झाडं हिरवीगार होती.

"तुझीही चांगली आहे," ती म्हणाली. मग पाटोळेंना लिहून घेता यावं म्हणून जरा मोठ्याने म्हणाली, "वत्सलाची बाग फार चांगली आहे."