बोटभर

सरकारने बेघर बायकांसाठी निवारा काढला, चांगलंच केलं. फक्त दारातल्या भिंतीवर एक तांबडी रेघ ओढली. आईबरोबरच्या मुलाचं डोकं त्या रेघेच्या वर गेलं, की त्याची रवानगी शहराच्या दुसऱ्या टोकाला, पुरुषांच्या निवाऱ्यात.

रोज संध्याकाळी ती जीव मुठीत धरून लेकाला त्या भिंतीशी उभं करायची. आज पहारेकरीण म्हणाली, "बोटभरच उरलंय गं."

जेवताना वाढणाऱ्या मावशी त्याच्या ताटाशी थांबल्या. "आणखी घे रे, वाढतं अंग आहे तुझं."

"नको मावशी, भूक नाही." त्याने ताटावर हात आडवा धरला.

सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं, हे आईला ठाऊक होतं.

तिने आग्रह केला नाही.