सप्टेंबरातला नाताळ

बोटीने टपाल जायचं तेव्हापासून वसईची इजाबेल मेलबर्नला गेलेल्या कातरीनला नाताळचं कार्ड सप्टेंबरातच टाकायची. कार्डही त्याच काळातलं, वडिलांच्या दुकानात उरलेल्या चमकीवाल्या गठ्ठ्यातलं. आता ते विमानाने दसऱ्यालाच पोचायचं. पण दोघी मैत्रिणींना फोनवर ऐकू येत नसल्याने वर्षाची खबर तेवढीच.

"आई, लोक हसतात. यंदा डिसेंबरात टाका," सून म्हणाली. इजाबेलने कार्ड लिहून तसबिरीमागे खोचून ठेवलं.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवर वाहायची फुलं ती ओट्यावर निवडत होती, तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. बारा वर्षं इकडे न फिरकलेली कातरीन काळ्या झग्यात उतरली आणि इजाबेलला बघून जागीच थबकली.

"तू जिवंत आहेस?"

"मग? तुला काय वाटलं?"

"कार्ड आलं नाही, म्हटलं गेलीस! तुझ्या कबरीवर लावायला एवढ्या लांबून मेणबत्ती घेऊन आले मी!" कातरीन तिच्या गळ्यात पडून हसत, रडत, शिव्या घालत राहिली.

इजाबेलने तसबिरीमागचं कार्ड काढून तिच्या हातात ठेवलं.

"पुढच्या वर्षी," डोळे पुसत ती म्हणाली, "मुळीच टाकणार नाही."