एकट्या फिरणाऱ्या सँडल

"हे ऐकून कोणीही मला वेड्यात काढेल," बाबांनी आधीच बजावलं, "पण या सँडल स्वतःच्या पायांनी नदीवर जातात."

लेक त्या सँडल दुकानात परत करायला निघाली होती. आज शेवटचा दिवस होता. दरवर्षीसारखं बाबांनी भटकंतीला यावं म्हणून तिनेच त्या हौसेने आणल्या होत्या: नदी ओलांडताना निसटू नयेत म्हणून टाचेला पट्टा, पाणी निथळायला तळाला भोकं आणि तंबूपाशी वावरायला अगदी हलक्या. पण गुडघ्याच्या ऑपरेशनपासून बाबांनी अंगण पाहिलं नव्हतं. "आता कसली नदी नि कसलं काय!" म्हणत त्यांनी खोका पलंगाखाली ढकलला होता. आज तिने तो उघडला, तर सँडल ओल्या आणि भोकांत वाळू.

"दोन्ही मिळून पावशेर नाहीत," बाबा रंगात आले. "तू कामावर गेलीस की वारा त्यांना खिडकीतून उचलून नेतो. आधी नुसत्या काठावरून परतायच्या. मग घोटाभर पाण्यात उतरल्या. परवा तर बेट्या पलीकडे जाऊन आल्या! मी आपला इथेच. जागचा हललो असेन तर शपथ!"

लेकीने त्यांच्या पायांवरचं पांघरूण बाजूला केलं. रापलेल्या पावलांवर पट्ट्यांचे गोरेपान ठसे उमटले होते.

"सँडल एकट्याच गेल्या, तर ऊन तुमच्या पायांना कसं लागलं हो, बाबा?"