खुर्शीदसाठी फोटो

“घरी येऊन फोटो काढशील का, पोरी?” गनीभाईंनी दुकानाच्या पायरीवरूनच विचारलं.

सुमैराच्या हातातली कात्री थांबली. केडगावात तिनं फक्त बायकांसाठी फोटो स्टुडिओ काढला, त्याला आठ वर्षं झाली होती. उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी हेच गनीभाई गादीवाले तिच्या अब्बांना चार लोकांदेखत म्हणाले होते, “सजीवाचं चित्र करनं म्हंजे अल्लाहच्या कामात हात घालनं. कयामतीला त्या चित्रात जीव भर म्हटलं, तर काय करंल तुमची पोर?”

अब्बांनी खाली मान घालून पाटीवरच्या नवरीच्या चेहऱ्यावर स्वतःच्या हातानं रंग फासला होता. अब्बा वारले, पण त्यांची ती खाली गेलेली मान सुमैरा विसरली नव्हती.

“चाचा, तुम्हीच तर म्हणाला होतात...”

“व्हय. मीच.” गनीभाई अजून पायरीवरच होते. “खुर्शीदसाठी पायजे. तिला आता बाहेर न्हेता येत न्हाई.”

खुर्शीदचाचींचं नाव निघालं आणि सुमैराचा आवाज खाली आला. गल्लीतल्या सगळ्या पोरींना अरबी अक्षरं त्यांनीच गिरवायला लावली होती. स्टुडिओ उघडला तेव्हा नवऱ्याला कळू न देता डबाभर शीरखुर्मा धाडणाऱ्याही त्याच. वर्षभरापासून त्या अंथरूण धरून आहेत, एवढं तिच्या कानावर होतं.

“आधार कार्डावरचा फोटो मोठा करून देऊ?”

“त्यात मानूस ओळखू येतंय व्हय?”

“आणि गुनाह?” तिनं लागेल असंच विचारलं.

गनीभाईंनी डोक्यावरची टोपी सारखी केली. “दोन महिने तेच विचारत फिरलो. कोपरगावचे मौलाना म्हनाले, कॅमेरा आरशासारखा. समोर हाय ते धरतो, हात काही घडवत न्हाई. नगरचे म्हनाले, चित्र ते चित्रच. पन पासपोर्टला जशी मुभा हाय, तशी खऱ्या गरजेला हाय. दोघांचं मत एक न्हाई. पन माझी गरज ऐकल्यावर दोघंबी म्हनाले, काढा.”

गरज कसली, ते त्यांनी सांगितलं नाही. सुमैरानंही विचारलं नाही. आजारी बायकोचा चेहरा जवळ राहावा, यात विचारायचं काय?

“सकाळी ये,” जाताना ते म्हणाले. “सकाळी बरी असते ती.”

नाही म्हणावं, असं सुमैराला रात्रभर वाटत राहिलं. सकाळी मात्र कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला अडकवून ती निघाली.

दार गनीभाईंनीच उघडलं. दाढी नीट कातरलेली, अंगात इस्त्रीचा कुर्ता, कानामागं अत्तर. पाहुणी येणार म्हणून म्हातारा एवढा नटला, याचं तिला हसू आलं. चहा ठेवतो म्हणून ते आत गेले.

खुर्शीदचाची खिडकीशी खाटेवर बसल्या होत्या. निम्म्या झाल्या होत्या, पण डोळ्यांत तीच जरब.

“सुमैरा ना गं? सबक पाठ केलास?”

“केला, चाची.” खिडकीतून ऊन तिरपं येत होतं, चेहऱ्याच्या एका बाजूला. तिनं कॅमेरा काढला. “इकडं बघा जरा.”

चाचींनी चटकन ओढणी पुढं ओढली. “माझा फोटो? न्हाई गं बाई. मालक घरात न्हाईत. त्यांना विचारल्याबिगर कसा काढू?”

“चाचांनीच तर बोलावलंय मला.”

“सकाळपासून वाट बघतेय. अजून आले न्हाईत.” त्या दाराकडं बघत राहिल्या.

गनीभाई चहा घेऊन आले. कपातला चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी चाचींच्या हातात दिली.

“अल्लाह तुमचं भलं करो, भाईजान,” चाची अदबीनं म्हणाल्या आणि ओढणी आणखी पुढं ओढून घेतली.

सुमैरानं कॅमेरा खाली घेतला. गनीभाई भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहिले होते. आयुष्यात कधी हौसेनं फोटो काढून न घेतलेल्या माणसासारखे, हात कुठं ठेवावेत ते न कळून.

“शेजारच्या सहादेवची बायको, आक्काबाई, अशीच झालीय,” ते हळू आवाजात म्हणाले. “पन त्यांच्या भिंतीवर त्याचा फोटो हाय. ती रोज सकाळी फोटो बघती अन् सहादेवला ओळखून न्याहारीला हाक मारती. आमच्या भिंती मीच कोऱ्या ठेवल्या. तिचा नको काढू, पोरी. माझा काढ, हितंच तिच्यासमोर. दाखवून सांगायचं हाय तिला, बघ, आलो मी.”